सिम्युलेशन शिकवायचंय? आधी हार्डवेअरच्या दुकानात जा

एमएसची २५ बाय ६ ची पट्टी घ्या, मीटरभर. वजन सव्वा किलोच्या आतच भरतं. त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी सेक्शनवाल्याकडे मिळते, तीही घ्या. एक सी-क्लॅम्प, ०.०१ मिमी लीस्ट काउंटचा डायल गेज (तो मेट्रॉलॉजी लॅबमध्ये असतोच, फक्त कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधावं लागतं) आणि किराणा दुकानात असतं तसं दोन किलोचं वजन. सिम्युलेशनचं पहिलं प्रॅक्टिकल मी एवढ्या सामानावर घेतो. कॉम्प्युटर निम्मा वेळ बंदच असतात.

हे वळण मला उशिरा लागलं. आधी मीही इतरांसारखंच शिकवायचो: मॉडेल काढा, मटेरियल निवडा, मेश करा, इकडे फिक्स, तिकडे लोड, सॉल्व्ह. मुलं पटापट शिकायची, जर्नलला छान रंगीत प्रिंट लागायच्या. मग एका व्हायवाला एका मुलाने ब्रॅकेटमधला स्ट्रेस दोन लाख मेगापास्कल सांगितला. अगदी शांतपणे. "एवढ्यात काय होईल रे ब्रॅकेटचं?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरनं दिलाय." पोरगं हुशार होतं. त्याला बटणं शिकवणारा मीच होतो, त्यामुळे शेरा कुणाला द्यायचा हा प्रश्नच होता.

तेव्हापासून एकच नियम ठेवलाय. उत्तर किती येईल हे वहीत लिहिल्याशिवाय सॉल्व्हचं बटण दाबायचं नाही. पुढे जे सांगतोय ते सगळं या नियमाभोवतीच फिरतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, मटेरियल सायन्स किंवा मशीन डिझाइन शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांसाठी हे आहे. मुलांना सिम्युलेशनच्या नोकरीसाठी तयार करणं हा वेगळा विषय आहे.

पट्टीचं प्रॅक्टिकल

पट्टी टेबलाच्या कडेला क्लॅम्प करा, ३०० मिमी बाहेर काढा. वजन अजून लावायचं नाही. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: टोकाला दोन किलो टांगले तर टोक किती खाली येईल? गणित न करता, नुसत्या नजरेने. चिठ्ठ्या उघडल्या की गंमत असते. अर्धा मिलिमीटरपासून तीन सेंटिमीटरपर्यंत काहीही निघतं. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या मुलाने लोखंड कधी हाताने वाकवून पाहिलेलं नाही, त्याला अंदाज येणार कुठून?

आता गणित. पट्टी आडवी ठेवलेली, म्हणजे जाडी ६ आणि रुंदी २५. मोमेंट ऑफ इनर्शिया ४५० मिमी चतुर्थ घात. भार १९.६२ न्यूटन, यंग मॉड्युलस २०० गिगापास्कल. कॅन्टिलिव्हरचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. उत्तर येतं १.९६ मिमी. क्लॅम्पपाशी बेंडिंग स्ट्रेस ३९.२ मेगापास्कल.

मग वजन टांगा आणि डायल गेज वाचा. काटा सहसा १.९६ च्या पुढे जातो, आणि खरा वर्ग इथून सुरू होतो. जास्त का आलं? "एरर आहे सर" हे उत्तर चालवून घेऊ नका. व्हर्निअर हातात द्या. पट्टी दुकानात सहाची म्हणून मिळाली, पण ती ५.७ भरली तर? वाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणजे तेवढ्या तीन दशांशाने १.९६ चे २.२९ होतात. बाहेर काढलेली लांबी ३०० ऐवजी ३०५ निघाली तर आणखी पाच टक्के. तरीही हिशेब जुळला नाही, तर दुसरा डायल गेज क्लॅम्पच्या डोक्यावर लावा. टेबलाची फळीच खाली जात असते. "फिक्स्ड एंड" ही पुस्तकातली गोष्ट आहे, हे मुलांना या क्षणी कळतं तसं कुठल्याही व्याख्यानाने कळत नाही.

यानंतर कॉम्प्युटर चालू करायचा. मेश पहिल्यांदा मुद्दाम वाईट करायला सांगा: मोठे टेट्राहेड्रॉन, जाडीत एकच थर, एलिमेंटची ऑर्डर पहिली. कॉम्प्युटरमधली पट्टी भलतीच ताठ निघते, वाक १.९६ पेक्षा बराच कमी येतो. त्या साध्या एलिमेंटला वाकताच येत नाही. त्याच्या पोटात स्ट्रेन सगळीकडे एकच असतो, आणि खऱ्या पट्टीत वरच्या बाजूला ताण तर खालच्या बाजूला दाब असतो. आता ऑर्डर दुसरी करा, बाकी काही बदलू नका. उत्तर १.९६ च्या अगदी जवळ येऊन बसतं. जाडी ५.७ केली की २.२९. तीन आकडे एका ओळीत: वहीतला, गेजवरचा, स्क्रीनवरचा. आणि त्यांच्यातला फरक मुलांना सांगता येतो.

स्ट्रेस वाचताना एक पथ्य पाळा. अगदी क्लॅम्पच्या रेषेवरचा आकडा घेऊ नका. तिथे फिक्स केलेल्या कडेमुळे फुगलेला आकडा दिसतो. दहा मिलिमीटर बाहेरच्या बाजूला वाचा. तिथे गणिताने ३७.९ येतो, स्क्रीनवरही त्याच्या आसपास यायला हवा.

मग ॲल्युमिनियम. मटेरियल बदलण्याआधी दोन प्रश्न विचारा: वाक किती होईल आणि स्ट्रेस किती होईल? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना येतं. यंग मॉड्युलस ७०, म्हणून वाक ५.६ मिमी. दुसऱ्याला निम्मा वर्ग म्हणतो, "स्ट्रेस वाढेल, मटेरियल कमजोर आहे ना." स्क्रीनवर तोच ३७.९ दिसतो, तेव्हा दोन-तीन जण फाइल सेव्ह झाली नाही म्हणून पुन्हा सॉल्व्ह करतात. स्ट्रेस भार आणि आकारावर ठरला; मटेरियलने फक्त तो सोसायचा किती हे ठरवलं. हीच गोष्ट उलट बाजूने दाखवायची असेल तर एमएसच्या जागी ईएन-२४ टाका. महाग, कडक, हीट ट्रीटमेंट केलेलं. वाक जवळजवळ तेवढाच! स्ट्रेंथ आणि स्टिफनेस या दोन शब्दांतली गल्लत मी पंधरा वर्षं फळ्यावर सोडवत होतो, ती इथे दहा मिनिटांत सुटते.

वेळ उरला तर आणखी एक करा, मला स्वतःला फार आवडणारं. वजन काढून टाका, पट्टी ५०० मिमी बाहेर काढा, टोकाला टिचकी मारा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. लोखंडाच्या पट्टीची नैसर्गिक वारंवारता गणिताने साडेएकोणीस हर्ट्झ येते. म्हणजे एका हेलकाव्याला साधारण बारा फ्रेम. मोजता येतात. आता ॲल्युमिनियमची किती असेल? हलकी आहे म्हणून जास्त, की लवचिक आहे म्हणून कमी? दोन्ही कारणं एकमेकांना खाऊन टाकतात. यंग मॉड्युलस भागिले घनता हे गुणोत्तर दोन्ही धातूंत जवळजवळ सारखं आहे, त्यामुळे वारंवारतेतला फरक जेमतेम एक टक्का निघतो. सिम्युलेशनही तेच सांगतं.

याच ठिकाणी युनिटचा सापळाही दाखवून टाका. मिलिमीटर-न्यूटन-सेकंद या पद्धतीत वस्तुमान टनात येतं आणि लोखंडाची घनता होते ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात. तिथे सवयीने ७८५० टाकलं तर वारंवारता दहा लाख पटींनी कमी येते. फ्रीकॅडसारखं सॉफ्टवेअर आकड्यामागे युनिट लिहू देतं आणि स्वतः बदलून घेतं. बरीच जुनी सॉफ्टवेअर ती जबाबदारी तुमच्यावर टाकून मोकळी होतात. दोन लाख मेगापास्कलवाला माझा मुलगा असल्याच खड्ड्यात पडला होता.

भोकाची प्लेट आणि न थांबणारा आकडा

दुसऱ्या प्रॅक्टिकलला मेश. इथे प्रत्यक्ष वस्तू नसली तरी चालते, कारण उत्तर शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये दाखवलं की अमर्याद रुंद प्लेटमध्ये गोल भोक असेल, तर ओढल्यावर भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. मर्यादित रुंदीसाठीचे आलेख आपल्या डिझाइन डेटा बुकमध्ये असतातच.

प्लेट घ्या १०० मिमी रुंद, १० मिमी जाड, मधोमध २० चं भोक, ओढ ४० किलोन्यूटन. भोकापाशी उरलेलं क्षेत्रफळ ८०० चौरस मिमी, म्हणजे सरासरी स्ट्रेस ५०. आलेखावरून गुणक अडीचच्या आसपास, म्हणजे कमाल स्ट्रेस सुमारे १२५ मेगापास्कल. हे वहीत लिहून झालं की पूर्ण प्लेट न काढता चौथा हिस्सा काढायला सांगा. सिमेट्री म्हणजे काय, कुठल्या कडेला कुठली हालचाल अडवायची, हे त्यात आपोआप येतं.

मग एलिमेंटचा आकार क्रमाने कमी करत न्यायचा: १०, ५, २.५, १.२५ मिमी. प्रत्येक वेळचा कमाल स्ट्रेस ग्राफ पेपरवर पेन्सिलने मांडायचा. एक्सेलमध्ये नको, हातानेच. बिंदू मांडताना डोकं चालतं. पहिला आकडा बहुधा कमी येतो, पुढचे वर चढतात आणि १२५ च्या आसपास वक्र आडवा होतो. मेश पुरेसा झाला की नाही हे ठरवायचं ते असं. "मेश फाइन ठेवला होता" हे व्हायवाचं उत्तर होऊ शकत नाही.

यानंतर त्याच तासाला एल आकाराचा ब्रॅकेट द्या, आतला कोपरा अगदी काटकोनी, फिलेटशिवाय. तेच करायला सांगा. आकडा वाढतो, आणखी वाढतो, थांबतच नाही. मुलं बेचैन होतात, कुणी तरी म्हणतं, "सर, लॅपटॉप हँग होईल." होऊ द्या एकदा. टोकदार आतल्या कोपऱ्यात गणितानेच स्ट्रेस अनंत असतो; मेश जितका बारीक, तितके आपण त्या अनंताच्या जवळ जातो. पाच मिलिमीटरची फिलेट दिली की आकडा शहाण्यासारखा स्थिरावतो. वर्कशॉपमधले मिस्त्री कोपऱ्याला रेडियस का देतात, हे पहिल्या वर्षी कधी विचारलंच नव्हतं त्या मुलांनी.

चुकीच्या मेशची किंमत किती असू शकते, यासाठी मी एकच गोष्ट सांगतो. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया पाण्यात उतरवून तपासत होते. काँक्रीटच्या २४ नळकांड्यांचा तो पाया. नळकांडी जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या तिकोनी पोकळ्यांच्या भिंतीला तडा गेला, पाणी घुसलं आणि अख्खा पाया तळाला जाऊन चुरा झाला. तळावर आपटला तेव्हा रिश्टर मापाने ३ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. माणसं वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. चौकशीत दिसलं की त्या भिंतींपाशी फायनाइट एलिमेंट विश्लेषणात एलिमेंट फार मोठे आणि वेडेवाकडे होते, त्यामुळे शिअर स्ट्रेस ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. भिंती पातळ राहिल्या आणि लोखंडही कमी पडलं. अपघातानंतर नीट केलेल्या विश्लेषणाने सांगितलं की पाया ६२ मीटर खोलीवर फुटायला हवा होता. तो प्रत्यक्षात फुटला ६५ मीटरवर. म्हणजे पद्धत उत्तम होती. सॉफ्टवेअर होतं नॅस्ट्रान, त्यातही खोट नव्हती. ग्राफ पेपरवरचे ते चार बिंदू कुणी मांडले नव्हते, एवढंच.

आधार कुठे दिलाय?

हा भाग छोटा आहे, पण माझ्या अनुभवात मुलांच्या निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला बीम आणि दोन्ही टोकांना पक्का धरलेला बीम, मधोमध भार तोच. वाकात चौपट फरक. फळ्यावर हे सगळ्यांना मान्य असतं. पण दोन बोल्टच्या ब्रॅकेटची फाइल उघडली की तीच मुलं मागचा पूर्ण पृष्ठभाग निवडून "फिक्स" देऊन टाकतात, कारण ते एका क्लिकमध्ये होतं.

म्हणून एकच ब्रॅकेट तीन प्रकारे धरायला लावा: पूर्ण मागची बाजू फिक्स, फक्त बोल्टची भोकं फिक्स, आणि जमलं तर भोकं फिक्स करून मागे भिंतीशी नुसता कॉन्टॅक्ट. तिन्हींत भार ओढू लागल्यावर ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून सुटते का ते बघायचं. खरा ब्रॅकेट सुटतो की नाही हे वर्गाच्या भिंतीवरच्या पंख्याच्या किंवा प्रोजेक्टरच्या ब्रॅकेटकडे बघून ठरवता येतं. शेवटी प्रतिक्रियांची बेरीज करून ती दिलेल्या भाराइतकी येते का ते तपासायचं. पट्टीच्या वेळी ती १९.६२ च यायला हवी होती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि मुलं ती कधीच करत नाहीत.

खडू मोडून दाखवा

मटेरियल शिकवायला सिम्युलेशन वापरताना मोठी अडचण ही की सॉफ्टवेअर आपणहून व्हॉन मिसेस स्ट्रेस दाखवतं. मुलांना वाटतं स्ट्रेस म्हणजे तोच. एमएससारख्या तन्य धातूसाठी ते ठीक आहे. पण आमच्या कोल्हापूर भागात, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांत रोज ओततात ते बीड, म्हणजे ग्रे कास्ट आयर्न, ठिसूळ असतं. त्याला यील्ड पॉइंट नसतो, आणि दाबात ते ताणापेक्षा तिप्पट-चौपट सोसतं. ताण आणि दाब यांत फरकच न करणारा व्हॉन मिसेस तिथे कामाचा नाही. तिथे मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेस बघायचा.

हे शिकवायला खडू पुरतो. प्रत्येकाला एक खडू द्या आणि दोन्ही टोकं धरून पिळायला सांगा, वाकवायचा नाही. तो सरळ आडवा तुटत नाही. पंचेचाळीस अंशांच्या मळसूत्री रेषेत तुटतो. तुटलेलं टोक हातात ठेवूनच स्क्रीनवर एक गोल दांडा पिळा आणि मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेसच्या दिशेचे बाण दाखवा. बाण खडूच्या तुटलेल्या पृष्ठभागाला बरोबर काटकोनात येतात. आकड्यांतही फरक पडतो. पिळल्यामुळे येणारा शिअर स्ट्रेस धरा १०० मेगापास्कल, तर प्रिन्सिपल १०० च दिसतो आणि व्हॉन मिसेस १७३. बीडासाठी चुकीचा रंगपट उघडला, तर डिझाइन कशाच्या आधारावर झालं?

रंगपटाचं म्हणालो म्हणून सांगतो: लाल रंगाला आपणहून काही अर्थ नसतो. सॉफ्टवेअर जो कमाल आकडा असेल त्याला लाल करतं, मग तो २ मेगापास्कल का असेना. वरची मर्यादा स्वतः ठरवायला लावा. ई२५० प्रतीचं लोखंड, फॅक्टर ऑफ सेफ्टी २, म्हणजे १२५. तिथे मर्यादा ठेवली की आपली पट्टी जवळजवळ सगळी निळी होते आणि मुलांच्या चेहऱ्यावरची निराशा बघण्यासारखी असते. तसंच विरूपणाचं: चित्रात धनुष्यासारखी वाकलेली दिसते ती पट्टी प्रत्यक्षात दोन मिलिमीटर वाकलेली असते. स्केल १ करून एकदा खरं चित्र दाखवाच.

आणखी एक मर्यादा फाउंड्रीत नेऊन दाखवण्याजोगी आहे. सिम्युलेशनमधलं बीड सगळीकडे सारखं असतं. खऱ्या कास्टिंगच्या पोटात श्रिंकेज असतं, ब्लो होल असतात, आणि जाड भागाची ताकद पातळ भागापेक्षा कमी भरते. रिजेक्शनच्या ढिगातला एखादा जॉब कापून आणा. मग कास्टिंगचं सिम्युलेशन शिकवायला आपोआप निमित्त मिळतं. या क्षेत्रात आयआयटी मुंबईतल्या प्रा. बी. रवी यांच्या गटाने ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि शिकवण्यासाठी ई-फाउंड्री हा उपक्रमही काढला. पण इथेही आधी अंदाज. घट्ट व्हायला लागणारा वेळ आकारमान भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे जातो, हा च्वोरिनोव्हचा नियम. त्यावरून विचारा: ६० मिमीचा ठोकळा आधी थंड होईल की २० मिमी जाडीची रुंद प्लेट? दोन्हींत गुणोत्तर १० येतं, म्हणजे वेळ जवळपास सारखाच. ठोकळा तिप्पट जाड असून! रायझर कुठे ठेवायचा आणि केवढा ठेवायचा, ही चर्चा मग मुलंच सुरू करतात.

एक गोष्ट मात्र सिम्युलेशनने बदलू नका. यूटीएमवरची टेन्साइल टेस्ट. नमुन्याला नेक पडताना बघणं, तुटतानाचा आवाज ऐकणं, तुटलेली दोन टोकं जुळवून लांबी मोजणं, याला पर्याय नाही. शिवाय सॉफ्टवेअरच्या मटेरियलच्या रकान्यात जे आकडे आपण बिनदिक्कत भरतो ते असल्याच यंत्रावरून आलेले असतात. शक्य असेल तर मुलांनी स्वतः काढलेला आलेखच सिम्युलेशनला द्यावा.

सॉफ्टवेअर, वेळ आणि गुण

कुठलं सॉफ्टवेअर, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. वर सांगितलेले कास्टिंग सोडून सगळे प्रयोग फ्रीकॅड आणि त्यातून चालणाऱ्या कॅल्क्युलिक्सवर होतात. दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत, फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि आता ते बरंच सुटसुटीत झालंय. मुलं ते घरी नेऊ शकतात, हा मोठा फायदा. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्त्याही फुकट मिळतात, त्यांत मॉडेलच्या आकाराला मर्यादा असते; आपल्या पट्टीला ती आड येत नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर लॅबमध्ये चालवू नका, एवढं पुरे. सिव्हिलच्या मित्रांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून आलेलं ऑसडॅग आहे. ते आयएस ८०० : २००७ प्रमाणे पोलादी जोडण्यांचं डिझाइन करतं. तिथल्याच स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे बरेच धडे मराठीतही आहेत. पुस्तक हवं असेल तर नितीन गोखले आणि सहकाऱ्यांचं पुण्यातूनच २००८ मध्ये निघालेलं 'प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस' बघा. इंग्रजीत आहे, पण कामावरच्या माणसाने लिहिल्यासारखं आहे.

दोन तासांच्या प्रॅक्टिकलची माझी वाटणी अशी: पहिली चाळीस मिनिटं वही, पट्टी, डायल गेज. मग तासभर कॉम्प्युटर. उरलेला वेळ तीन आकड्यांवर भांडायला. वीस जणांच्या बॅचला दहा मशीन असतील तर ती अडचण समजू नका. दोघांत एक जण माउस धरतो, दुसरा हिशेब धरतो, अर्ध्या तासाने अदलाबदल. लाइट गेली तर? वहीचा भाग पुढे सरकवायचा. तेवढा बदल या वेळापत्रकात खपतो.

गुण देताना रंगीत प्रिंटला शून्य. मी एकच पान मागतो: आधीचा अंदाज, हातचं गणित, कॉम्प्युटरचं उत्तर, आणि फरकाबद्दल चार ओळी स्वतःच्या भाषेत. मराठीत लिहिलं तरी चालतं. अंदाज चुकला म्हणून गुण कापत नाही. अंदाज नंतर लिहिलेला दिसला तर कापतो, आणि तो ओळखू येतो, कारण तो फारच बरोबर असतो. व्हायवाला प्रश्न ठरलेले आहेत आणि ते मी मुलांना आधीच सांगून ठेवतो: युनिट कोणतं, कुठे आणि का फिक्स केलं, प्रतिक्रियांची बेरीज किती, मेश अर्धा केला तर उत्तर किती बदललं. पेपर फोडल्यासारखं वाटतं, पण उत्तरं पाठ करता येण्यासारखी नाहीत.

सत्र सुरू होण्याआधी एकदा पट्टीचा प्रयोग तुम्ही स्वतः, एकट्याने, लॅब रिकामी असताना करून बघा. आणि डायल गेजवर पहिल्याच फटक्यात नेमके १.९६ आले, तर गेज पुन्हा तपासा.